पंख्याचा दिवा आपोआप लागतो: तक्रार एक, कारणं तीन

कोपरखैरण्यात सिडकोच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. आई कायमची माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या खोलीत रिमोटवर चालणारा पंखा बसवला, खाली दिवा असलेला. तिचे गुडघे धरतात. रात्री उठून अंधारात दाराजवळच्या बोर्डापर्यंत जाणं तिला जमत नव्हतं. उशाशी रिमोट असला की पंखा कमी-जास्त करता येतो आणि दिवाही लावता येतो, एवढाच हेतू.

पाच-सहा महिने सगळं छान चाललं. मग एका रात्री पावणेतीनला दिवा आपोआप लागला. आईला वाटलं झोपेत आपलाच हात रिमोटवर पडला असेल. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तिने रिमोट कपाटात ठेवून बघितला, तरी दिवा लागलाच. पुढच्या अडीच वर्षांत ही तक्रार एकूण तीनदा आली आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. मधल्या काळात दोन वायरमन येऊन गेले. एकाने सेल बदलले, दुसऱ्याने नवा रिमोट घ्यायला लावला. बिघाड एकदाही रिमोटमध्ये नव्हता. असा पंखा घरात असेल आणि तो दुरुस्त होऊन पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर पैसे घालवण्याआधी हे वाचा.

वाटीत काय असतं

आपल्याकडच्या बहुतेक घरांत पंख्याच्या हुकापाशी बोर्डावरून दोनच वायरी आलेल्या असतात: स्विचमधून येणारा फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर). पंखा आणि दिवा वेगवेगळे चालवायचे तर तिसरी वायर हवी, ती नसते. ही अडचण रिसीव्हर सोडवतो. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा प्लॅस्टिकचा डबा, छताजवळच्या वाटीत दांड्याला टेकून बसवलेला. त्यात दोन वायरी आत जातात आणि तीन बाहेर येतात: एक पंख्याची, एक दिव्याची, एक दोघांचा न्यूट्रल. आत छोटे रिले, म्हणजे विजेने ओढले जाणारे स्विच, असतात. रिमोटचा संदेश आला की रिले ‘टक’ करून ओढला जातो आणि दिवा लागतो किंवा पंख्याचा वेग बदलतो.

या डब्याच्या दोन सवयी ठाऊक असल्या की अर्धं कोडं सुटतं. पहिली अशी, की तो सतत जागा असतो. दिवा आणि पंखा दोन्ही बंद असले तरी बोर्डावरचा स्विच चालू असेपर्यंत तो रिमोटची वाट बघत बसलेला असतो. दुसरी सवय जास्त महत्त्वाची. वीज जाऊन परत आली की आमच्यासारखे बरेच रिसीव्हर पहिल्यांदा दिवा लावतात. हे मुद्दाम ठेवलेलं असतं, रिमोट हरवला किंवा सेल संपले तरी भिंतीवरच्या स्विचने निदान दिवा लावता यावा म्हणून. सोय चांगली आहे. फक्त रात्री पावणेतीनला ती नको असते.

स्टुलावर चढण्याआधी

हे आधी सांगते, कारण यात माझ्याकडून मोठी चूक होता होता राहिली.

पहिल्यांदा वाटी उघडायची ठरवली तेव्हा मी बोर्डावरचा स्विच बंद केला आणि घोडा लावला. चढण्याआधी सहज वर बघितलं तर दिवा पूर्ण विझलेला नव्हता. खिडकीचा पडदा ओढून खोली अंधारी केली, तर एलईडी अगदी मंद, काजव्यासारखा उजळलेला दिसला. स्विच बंद असताना. मी खाली उतरले आणि मेन एमसीबी पाडला, तेव्हा तो उजेड गेला.

नंतर वायरमनकाकांनी बोर्ड उघडून दाखवलं. कधीतरी कुणीतरी फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली होती. स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडत होता, म्हणजे स्विच बंद असतानाही वर वाटीत २३० व्होल्ट हजर होते. जुन्या घरांत, विशेषतः दोन-चार वेळा दुरुस्त्या झालेल्या घरांत, असं निघणं नवलाचं नाही. मंद उजेडाची दुसरी कारणंही असतात: स्विचमध्ये तांबडा इंडिकेटर असेल तर त्यातून थोडा करंट झिरपतो, किंवा लांब अंतर समांतर गेलेल्या वायरींमुळे बंद वायरीतही थोडा दाब (व्होल्टेज) उतरतो. पण एलईडी बंद स्विचवर उजळत असेल तर आधी स्विच न्यूट्रल तोडतोय असंच धरा आणि बोर्ड तपासून घ्या. नुसता बल्ब बदलून हा धोका जात नाही.

म्हणून नियम एकच. वाटीला हात लावायचा तर एमसीबी पाडायचा, घरातल्या सगळ्यांना सांगायचं, शक्य झालं तर एमसीबीवर कागद चिकटवायचा आणि तरीही वायरीला हात लावण्याआधी टेस्टर फिरवायचा. टेस्टरही आधी चालू सॉकेटमध्ये लावून बघायचा, कारण बिघडलेला टेस्टर पेटत नाही आणि आपण निर्धास्त होतो. वायरच्या रंगावर विसंबू नका. आमच्या पंख्याकडे येणाऱ्या दोन्ही वायरी काळ्या होत्या. घोडा धरायला खाली एक माणूस हवाच. आणि वायरी सोडून परत जोडण्याची सवय नसेल तर तेवढं काम वायरमनला द्या, निदान मात्र स्वतः करा. खरी बचत निदानात आहे.

आईने कालनिर्णयवर ठेवलेला हिशेब

दुधाच्या पिशव्या, गॅस कधी लावला, गुडघ्याच्या गोळ्या, हे सगळं आई कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते. तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हापासून तिने तेही लिहायला सुरुवात केली: ‘दिवा २.४५’, ‘दिवा ३.१०’. मी बिघाडाकडे बिघाड म्हणून बघत होते. ती वेळ लिहून ठेवत होती. शेवटी उपयोगी पडलं ते तिचं लिखाण.

अधूनमधून येणारा बिघाड वायरमन समोर असताना कधीच दिसत नाही. ते बिचारे येतात, दहा वेळा रिमोट दाबतात, सगळं चालतं, मग काहीतरी बदलून जातात. त्यांच्या हातात नोंद द्या. तारीख, वेळ, त्या वेळी पंखा कितीवर होता, दिवा चालू होता की बंद, घरात दुसरं काही बंद-चालू झालं का, बाहेर पाऊस होता का. पंधरा दिवसांची नोंद पुरते.

पहिलं कारण: वीज क्षणभर जाऊन येते

आईच्या नोंदींशेजारी मी एक गोष्ट ताडून बघितली. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचं घड्याळ. ज्या रात्री दिवा लागला, त्या सकाळी ते घड्याळ शून्यावर लुकलुकत होतं. म्हणजे रात्री वीज क्षणभर गेली होती, आम्ही झोपेत होतो, आणि परत आल्यावर रिसीव्हरने सवयीप्रमाणे दिवा लावला. पावसाळ्याच्या तोंडाला आणि जोराच्या वाऱ्यात अशा डुलक्या जास्त येतात.

घरात असं घड्याळ नसेल तर वाय-फायच्या राउटरकडे बघा. तो किती वेळ सलग चालू आहे हे त्याच्या सेटिंगच्या पानावर दिसतं. दिवा लागल्याची वेळ आणि राउटर पुन्हा चालू झाल्याची वेळ जुळली की कारण सापडलं.

उपाय तीन आहेत. तिसरी वायर ओढून दिव्याला वेगळा स्विच देणं सगळ्यात चांगलं. आमच्याकडे ते जमलं नाही, भिंतीतला जुना पाइप वळणावर सिमेंटने बुजलेला निघाला. दुसरा उपाय म्हणजे वीज जाण्याआधीची स्थिती लक्षात ठेवणारा रिसीव्हर घेणं. दुकानात विचारू नका, करून बघा. दुकानदाराला सांगा, दिवा जोडून द्या, रिमोटने बंद करा, आता प्लग काढून परत लावा. दिवा लागला तर तो रिसीव्हर आपल्या कामाचा नाही. तिसरा उपाय आम्ही केला: आईच्या खोलीचा पॉइंट घरातल्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. वीज गेल्यावर इन्व्हर्टर इतक्या चटकन सांभाळतो की रिसीव्हरला ती गेल्याचं कळतही नाही.

मात्र इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्वस्त, जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर पंखा घूं घूं करतो आणि रिसीव्हर तापतो. वीज गेल्यावरच पंखा गुणगुणत असेल आणि वीज आली की शांत होत असेल तर पंख्यात दोष शोधू नका.

इथेच एक जोडकारण आहे. दिव्याचा रंग पिवळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा पिवळा असा आपोआप बदलत असेल, तर तोही याच डुलक्यांचा परिणाम असू शकतो. तीन रंगांच्या एलईडीत स्विच चटकन बंद-चालू केला की रंग बदलतो, हीच त्याची कळ असते. विजेची डुलकी त्याला स्विच दाबल्यासारखीच वाटते.

दुसरं कारण: खालच्या वहिनी

सात-आठ महिने शांततेत गेले. मग दिवा पुन्हा लागायला लागला, आणि आता विझायलाही लागला. मायक्रोवेव्हचं घड्याळ व्यवस्थित चालू होतं. मी आधी इन्व्हर्टरवर संशय घेतला आणि एक रविवार त्यात घालवला.

कालनिर्णय उघडल्यावर मात्र नोंदी वेगळ्याच दिसल्या. आधीच्या वेळा वाटेल तशा विखुरलेल्या होत्या. आताच्या रोज रात्री साडेदहाच्या आसपास आणि पहाटे पावणेसहाला. वीज इतकी वक्तशीर नसते. इतकं वक्तशीर माणूसच असतं.

आई संध्याकाळी खाली बाकावर बसते. तिने तिथे विषय काढला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “अहो काकू, आमचाही दिवा कधीकधी आपोआपच विझतो! मी ह्यांना म्हणत होते, घरात काहीतरी आहे.” त्यांनी दोन महिन्यांपूर्वी आमच्याच जातीचा रिसीव्हर बसवला होता. पावणेसहाला त्या मुलाच्या डब्यासाठी उठत होत्या.

त्यांचा रिमोट घेऊन मी आईच्या खोलीत गेले, दाबला, आमचा दिवा लागला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि खूप दिवसांचं ओझं उतरल्यासारखं झालं.

कारण असं. टीव्हीचा रिमोट अवरक्त किरणांवर चालतो. ते किरण भिंतीतून जात नाहीत, म्हणून शेजाऱ्याचा टीव्ही आपल्या रिमोटने बदलत नाही. आमच्या पंख्याचा रिमोट मात्र रेडिओ लहरींवर चालतो, बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणून तो पंख्याकडे न रोखताही चालतो आणि म्हणूनच स्लॅब ओलांडून वरही पोचतो. आपला कोण आणि परका कोण हे ओळखायला या जुन्या पद्धतीच्या संचात चार बारीक खटके असतात, रिमोटमध्ये सेलच्या झाकणाखाली आणि रिसीव्हरवर. चार खटक्यांच्या जुळण्या होतात फक्त सोळा. त्यातही कारखान्यातून सगळे एकाच जुळणीत येतात आणि बसवणारा ते बदलत नाही. एका इमारतीत दोन घरांनी तोच संच घेतला की ही गंमत होणारच.

आम्ही एमसीबी पाडून, वाटी खाली सरकवून, रिसीव्हरवरचा दुसरा आणि चौथा खटका फिरवला आणि रिमोटमध्येही तेच केलं. दोन्हीकडे खटके सारखे असले पाहिजेत, एकाच बाजूला फिरवले तर काहीच चालणार नाही. वहिनींचे खटके तसेच राहू दिले. वरच्या मजल्यावरच्यांना सांगून ठेवलं आहे की असा संच घेतलात तर आधी आमच्याकडे या.

तुमच्या रिमोटमध्ये खटके नसतील तर तुमचा संच शिकणारा असेल. स्विच बंद करून पुन्हा चालू केल्यावर पहिले काही सेकंद रिसीव्हर नवा रिमोट ओळखायला तयार असतो, तेव्हा ठरलेलं बटण दाबून धरायचं असतं. कोणतं बटण आणि किती वेळ, हे प्रत्येक संचाचं वेगळं, सोबतच्या कागदावर असतं. तो कागद फेकू नका. घरात असे दोन पंखे असतील तर जोडणी करताना दुसऱ्या पंख्याचा स्विच बंद ठेवा, नाहीतर एकच रिमोट दोघांना फिरवेल.

तिसरं कारण: वाटीतला थकलेला कंडेन्सर

हे सगळ्यात चिवट निघालं.

तिसऱ्या वर्षी जुलै महिना. आई म्हणाली, दिवा पुन्हा नाटकं करतोय. या वेळी खुणा अशा होत्या: दिवा लावून पंखा तिसऱ्यावर नेला की वरून टकटक आवाज यायचा, दिवा लुकलुकायचा, पंखा थांबायचा, आणि मग फक्त दिवा लागून राहायचा. रिमोट पूर्वी दारातून चालायचा, आता पलंगावर उभं राहून दाबावा लागत होता. दिवा बंद ठेवून पंखा चालवला तर काही तक्रार नाही. पंखा बंद ठेवून दिवा लावला तरी नाही. दोन्ही एकदम नकोत.

वायरमनकाका म्हणाले, रिसीव्हर गेला, नवा टाका. त्यांचं चुकलं नव्हतं, नवा टाकला असता तर पंखा चालला असता. पण मला ‘दोन्ही एकदम नकोत’ हे टोचत होतं. बिघडलेली वस्तू इतकं नेमकं का बोलेल?

रिसीव्हरला स्वतःच्या पोटासाठी थोडीशी वीज लागते, रिले ओढायला आणि आतल्या चिपला. २३० व्होल्टवरून एवढीशी वीज काढायला स्वस्त संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो. एक चौकोनी, लाल किंवा पिवळा कंडेन्सर असतो आणि त्यातून जेवढा करंट निभावेल तेवढ्यावर सगळा कारभार. एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर साधारण ७० मिलीअँपिअर देतो. त्याची क्षमता निम्मी झाली की करंटही निम्मा होतो. आता हिशेब बघा. आमच्या रिसीव्हरमध्ये तिसऱ्या वेगाला दोन रिले ओढलेले राहतात आणि दिव्याचा तिसरा. तिघांना पुरेल एवढा करंट उरला नाही, की आतला दाब कोसळतो, चिप बंद पडते. रिले सुटले की ओझं कमी होतं, दाब परत चढतो, चिप जागी होते. आणि तिला वाटतं वीज जाऊन आली. मग ती सवयीप्रमाणे दिवा लावते.

म्हणजे पहिलंच कारण परत आलं होतं. घरात वीज होती, वाटीतली जात होती. रिमोटचा पल्ला घटला तोही यानेच, भुकेला रिसीव्हर लांबचा संदेश ऐकू शकत नाही.

हे कंडेन्सर का थकतात? त्यांच्या आत प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा अतिशय विरळ थर चढवलेला असतो. विजेचा झटका आला की जिथे छिद्र पडेल तिथला धातू जळून जातो आणि कंडेन्सर स्वतःला वाचवतो. गुण चांगला, पण दर वेळी थोडा धातू कमी होतो. दमट हवा आत शिरली की हा थर कडेने झिजतही जातो. खाडीकाठच्या आपल्या हवेत, त्यात वाटीतल्या बंद जागेत, त्याचं आयुष्य सुखाचं नसतं. झीज आतल्या आत होते, त्यामुळे बाहेरून तो नव्यासारखा दिसतो. फुगत नाही, काळा पडत नाही. मोजल्याशिवाय कळत नाही.

रिसीव्हर उतरवून मी आमच्या सेक्टरमधल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या दादांकडे नेला. तो कंडेन्सर बोर्डावरून सोडवून त्यांनी मीटरला लावला. अंगावर १०५ लिहिलेलं, म्हणजे एक मायक्रोफॅरड. मीटरने ०.४१ दाखवला. ४७४ लिहिलेला असेल तर तो ०.४७ मायक्रोफॅरडचा असतो, हे वाचन लक्षात ठेवा, नाहीतर चांगला कंडेन्सरही थकलेला वाटेल.

नवा घेताना आकडा तोच हवा, जातही तीच: एक्स-टू वर्गाचा (थेट मेन लाइनवर लावण्यासाठीचा), २७५ व्होल्ट एसीचा किंवा त्याहून वरचा. साधा डीसीचा कंडेन्सर इथे लावू नका, मेन लाइनवर तो जळू शकतो. जास्त क्षमतेचा टाकून ‘मजबूत’ करू नका, आतले बाकीचे भाग तापतील. जवळ मिळाला नाही म्हणून मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणला. कंडेन्सर वडापावच्या किमतीचा, तिकीट वेगळं. दोन घेतले, एक डब्यात ठेवला आहे. दादांनी झाळून दिला, रिसीव्हर परत वर गेला आणि त्या रात्री आईने पंखा तिसऱ्यावर ठेवून दिव्याखाली ज्ञानेश्वरी वाचली.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. हा रिसीव्हर उघडा ठेवून वीज कधीही देऊ नका. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे आतला प्रत्येक भाग थेट मेन लाइनला जोडलेला असतो, पाच व्होल्टचा दिसणारा भागही. आणि वीज काढल्यावर लगेच आत बोट घालू नका, कंडेन्सर थोडा वेळ दाब धरून ठेवतो.

कान लावून ऐका

दिवा लुकलुकतो तेव्हा वरून ‘टक’ ऐकू येतो का? लुकलुक आणि टक बरोबर असतील तर रिसीव्हरकडे बघा. लुकलुक आहे पण आवाज नाही, आणि पंखा शांतपणे फिरतोय, तर दोष एलईडीत किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये. बल्ब फिरवून काढता येत असेल तर दुसरा चांगला बल्ब लावून बघा, मिनिटभराचं काम. पक्की एलईडीची चकती असेल तर तिचा ड्रायव्हर वेगळा मिळतो, त्यावर छापलेला करंट आणि व्होल्टची मर्यादा जुळवून घ्या. काही रिसीव्हरमध्ये रिले नसतात, त्यांचा आवाज येतच नाही, तिथे ही खूण चालणार नाही.

टक एकदाच येतो, दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही: मग वायर सैल आहे का ते पाहा. पंख्याच्या थरथरीने वाटीतल्या कनेक्टरचे स्क्रू ढिले होतात. वायरमन आलेच आहेत तर ते कसून घ्या, दांड्याची स्प्लिट पिन आणि हुकावरचं रबरही बघून घ्या.

रिमोट खरोखरच खराब असेल तर

सेल बदलून बघितलेच असतील. पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली तर सेल गळला आहे. तो अल्कलाइन असेल तर कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरडं करा. एकच बटण चालत नसेल तर रबराच्या खालचा काळा ठिपका आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. कुठलं तरी बटण दाबलेलंच अडकलं असेल तर रिमोट सतत बोलत राहतो, सेल चार दिवसांत संपतो आणि पंखा वेडा होतो. सेल काढल्यावर दिवा आपोआप लागणं थांबलं तर दोष तिथेच.

बीएलडीसी पंखा असेल तर

१ जानेवारी २०२३पासून छताच्या पंख्यांना ऊर्जेचं तारांकन सक्तीचं झालं आणि घराघरांत बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे) पंखे दिसायला लागले. पूर्ण वेगाला साधा पंखा ७०-८० वॉट खातो तिथे हे ३० वॉटच्या आसपास घेतात, घेण्यासारखेच आहेत. त्यांचं निदान थोडं वेगळं.

पहिला प्रश्न: जुना रेग्युलेटर लाइनमध्ये राहिला आहे का? बीएलडीसीला तो नकोच. पाचवर ठेवलाय म्हणून चालेल असं समजू नका, कुणीतरी चारवर फिरवतं आणि पंखा अडखळतो, दिवा लुकलुकतो. वायरमनकडून तो पूर्ण वगळून घ्या. रिसीव्हरच्या संचालाही हेच लागू.

यातल्या बऱ्याच पंख्यांचे रिमोट टीव्हीसारखे अवरक्त असतात. मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट बोलतोय. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो दिसत नाही, पुढचा कॅमेरा वापरा. ठिपका दिसतो पण पंखा ऐकत नाही, तर पंख्याच्या पोटावरची छोटी काळी काच पुसा, धुळीने ती आंधळी होते. दुपारी पश्चिमेचं ऊन थेट तिथे पडत असेल तर तेवढ्यापुरता रिमोट चालत नाही, पडदा ओढून खात्री करा.

पंखा अडकल्यासारखा वागला तर स्विच बंद करून मिनिटभर थांबा आणि मग चालू करा. लगेच चालू केला तर आतला दाब उतरलेला नसतो. हे पंखे वॉरंटीत असताना उघडू नका, आणि वॉरंटी संपल्यावरही त्यांच्या बोर्डाला घरी हात लावू नका. एसीची डीसी झाल्यावर तिथे ३२५ व्होल्टपर्यंत दाब असतो.

जळका वास आला, एमसीबी वारंवार पडू लागला किंवा वाटी हाताला गरम लागली, तर वरचं सगळं निदान बाजूला ठेवा, एमसीबी पाडा आणि वायरमन येईपर्यंत तो चढवू नका.

रिसीव्हर परत वर बसवण्याआधी मी त्याच्या झाकणावर आतून कागद चिकटवला: खटक्यांची जुळणी, कंडेन्सर १०५ एक्स-टू, बदलल्याचा महिना आणि वर्ष. तेच आईने कालनिर्णयच्या शेवटच्या पानावरही लिहून घेतलं. पुढच्या वर्षीचं आलं की ती ते पान उतरवून घेते, गॅसच्या नंबराखाली.